उण्याने भागलं की चिन्ह का फिरतं?

थंडीत द्रासचं तापमान उणे १० वरून उणे १५ वर गेल्याची बातमी लागली होती. शेजारचा आठवीतला मुलगा म्हणाला, "काका, वाढलं की!" मग त्याची गणिताची वही पाहिली, तर तिथेही तोच घोटाळा. -२क्ष < ६ याचं उत्तर त्याने क्ष < -३ लिहिलेलं. बाजूला लाल पेनाने शेरा: 'चिन्ह बदला', म्हणजे < च्या जागी > कर. का बदलायचं? "नियम आहे."

नियम वगैरे काही नाही, तो आरसा आहे. संख्यारेषेवर शून्यापाशी आरसा उभा करा. उजवीकडे २ जवळ, ५ लांब. आरशात -२ जवळ, -५ लांब. पण आता लांब म्हणजे जास्त डावीकडे, म्हणजेच लहान. म्हणून २ < ५, पण -२ > -५. दोनाने गुणलं तर रेषा नुसती ताणली जाते, क्रम तोच राहतो. उण्याने गुणलं किंवा भागलं की ती उलटते.

आरसा पटत नसेल तर उण्याला हातच लावू नका. -२क्ष < ६ मध्ये दोन्ही बाजूंना २क्ष मिळवा: ० < ६ + २क्ष. सहा वजा करा: -६ < २क्ष. दोनाने भागा: -३ < क्ष. चिन्ह कुठेही फिरवलं नाही, तरी उत्तर बरोबर! 'दहा सेकंदांत गणित' शिकवणाऱ्या क्लासवाल्यांना हे विचारून पाहा.

खरी गंमत ६/क्ष < २ मध्ये. इथे क्षने गुणायचं, पण क्ष धन की ऋण तेच माहीत नाही. डोळे मिटून गुणलं तर क्ष > ३ एवढंच हाती लागतं आणि सगळ्या ऋण संख्या निसटतात. त्याही चालतात: क्ष = -१ घेतलं तर -६ < २. म्हणून दोन्ही शक्यता वेगवेगळ्या तपासायच्या.

(< आणि > ही चिन्हं छापली गेली १६३१ साली, इंग्लिश गणितज्ञ थॉमस हॅरियटच्या पुस्तकात. तो जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.)

आता आलेख. खिशात १०० रुपये, वडापाव २० ला, चहा १० ला: २०क्ष + १०य ≤ १००. (५, ०) आणि (०, १०) जोडणारी रेषा काढा. पैसे नेमके संपले तरी चालतं म्हणून रेषा अखंड. नुसतं < असतं तर तुटक. कोणती बाजू रंगवायची? (०, ०) घालून पाहा: ० ≤ १००, खरं. म्हणजे आरंभबिंदूची बाजू. अर्धा वडापाव कोणी देत नाही, तेव्हा त्यातले पूर्णांकांचे ठिपकेच आपल्या कामाचे.

धंद्यातल्या मर्यादांच्या अशा अनेक रेषांनी मिळून बहुभुज आकार बंदिस्त झाला आणि नफ्याचं सूत्रही असंच सरळ रेषेचं असलं, की सर्वांत जास्त नफ्याचा बिंदू त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतोच. हा बिंदू शोधणारी, अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँटझिगची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने कोपरे धुंडाळत जाते. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये कडा सोडली आणि थेट आतल्या रंगवलेल्या भागातून वाट काढली.