स्मार्ट हायब्रिड का स्ट्राँग हायब्रिड? जुनी गाडी किती टिकेल ते आधी इथे ठरतं

"हायब्रिड घेऊ नको, बॅटरी गेली की गाडी भंगारात" असं एक जण सांगतो, आणि तिथेच बसलेला दुसरा म्हणतो "काय बोलतोस, अमेरिकेतला माझा मावसभाऊ टोयोटाची हायब्रिड प्रियस चालवतोय, तीन लाख किलोमीटर झाले, काही हूं की चूं नाही". दोघंही खोटं बोलत नसतात, पण तिसरा जो ऐकत बसलेला असतो तो बिचारा २०१६ ची अर्टिगा बघून आलेला असतो, आणि त्याच्या गाडीला यातलं एकही वाक्य लागू होत नाही. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत नुसतं 'हायब्रिड, सिंगल ओनर, टॉप मॉडेल' लिहिलेलं असतं. एजंटला विचारलं तर तो म्हणतो साहेब बॅटरीवर पण चालते. चालत नाही! निदान त्या अर्टिगाच्या बाबतीत तरी नाही.

तर आधी ते वेगळं करू. मारुतीने सप्टेंबर २०१५ मध्ये सियाझ डिझेलला एसएचव्हीएस (स्मार्ट हायब्रिड व्हेईकल बाय सुझुकी) नावाचा प्रकार लावला, लगेच पाठोपाठ अर्टिगा डिझेलला. त्यावेळी केंद्राच्या फेम योजनेत (इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना सवलत देणारी योजना) अशा माइल्ड, म्हणजे मोटरची नुसती थोडी मदत असलेल्या, हायब्रिडलाही सवलत मिळत होती, १ एप्रिल २०१७ पासून ती काढून घेतली. नंतर २०१८ पासून दीड लिटर पेट्रोल इंजिनासोबत साध्या बॅटरीच्या जोडीला एक छोटी लिथियम बॅटरी आली, आणि 'स्मार्ट हायब्रिड' हा बिल्ला सियाझ, अर्टिगा, ब्रेझा सगळीकडे दिसायला लागला. यात असतं काय, तर नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी जरा तगडा स्टार्टर-जनरेटर बसवलेला असतो, तो पट्ट्याने इंजिनला जोडलेला. सिग्नलला इंजिन बंद होतं, क्लच दाबला की घरघर न करता चालू होतं, पिकअप घेताना चढावर कोणीतरी मागून हात लावल्यासारखा थोडा जोर मिळतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थोडं चार्जिंग होतं. बस. एकट्या मोटरवर ही गाडी एक फूटसुद्धा पुढे जात नाही.

म्हणजे हिचं आयुष्य किती? जेवढं तिच्या इंजिनाचं आणि बॉडीचं. सियाझ-अर्टिगामधलं ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन डिझायरच्या टॅक्सीतही होतं, आणि तीन लाखांच्या पुढे रनिंग गेलेल्या डिझायर टॅक्स्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. क्लच, टर्बो, इंजेक्टर, सस्पेन्शन, जे कोणत्याही डिझेल गाडीत बघाल तेच इथे बघायचं. हायब्रिडचा भाग म्हणून जास्तीचं काय तर तो पट्टा, त्याचा टेन्शनर, स्टार्टर-जनरेटरचं बेअरिंग आणि बॅटरी. गाडी चालू केल्यावर पट्टा किंचाळतोय का बघा, इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला आपोआप बंद होतंय का बघा (एसी फुल असेल तर होणार नाही, ते बरोबर आहे). बंद होत नसेल तर बहुतेक वेळा बॅटरी थकलेली असते, किंवा आधीच्या मालकाने पैसे वाचवायला तिथे साधी स्वस्त बॅटरी बसवलेली असते, जिला दिवसातून पन्नास वेळा बंद-चालू झेपत नाही. छोटी लिथियम बॅटरी गेली तर दिवा लागेल, तो मागून मिळणारा हात जाईल, अ‍ॅव्हरेज थोडं पडेल. रोजच्या वापरात साध्या पेट्रोल गाडीइतकाच त्रास. त्यामुळे स्मार्ट हायब्रिड म्हणून कोणी वीस-तीस हजार जास्त मागत असेल तर देऊ नका आणि हायब्रिड आहे म्हणून घाबरून सोडूही नका.

आता खरी गोष्ट, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे जी थोडं अंतर एकट्या मोटरवरही जाते. टोयोटाने प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ ला आणली, भारतात २०१० मध्ये, पण आपल्याकडे ती फारशी विकली गेली नाही. जुन्या बाजारात जी खरोखर दिसते ती कॅम्री हायब्रिड, ऑगस्ट २०१३ पासूनची. मग मे २०२२ मध्ये होंडा सिटी ई:एचईव्ही, सप्टेंबर २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, आणि त्यानंतर इनोव्हा हायक्रॉस. आणि गोंधळाचा कळस याच ग्रँड विटारात आहे, कारण एकाच शोरूममध्ये, एकाच बॉडीत, माइल्ड आणि स्ट्राँग दोन्ही विकल्या गेल्या. कंपनीचे आकडे बघा, माइल्ड मॅन्युअलला लिटरला २१.११ आणि स्ट्राँगला २७.९७. बाहेरून पटकन कळत नाही, जाहिरातीत दोन्ही हायब्रिड. स्ट्राँगमध्ये गिअरचा दांडा असलेली मॅन्युअल येतच नाही, ही सगळ्यात सोपी खूण. पण उलटं धरू नका, माइल्ड ऑटोमॅटिकमध्येही आहे, म्हणून आरसी आणि व्हेरियंटचं नाव बघूनच बोला.

स्ट्राँग हायब्रिडचं म्हातारपण वेगळ्याच वाटेने येतं, आणि मजा ही की ज्या गोष्टी साध्या गाडीत आधी जातात त्यातल्या बऱ्याच इथे नसतातच. टोयोटाच्या पद्धतीत इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरने जोडलेले असतात. क्लच नाही, घासणारा गिअरबॉक्सचा पट्टा नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. इंजिन ट्रॅफिकमध्ये निम्मा वेळ बंदच असतं. वेग कमी करताना बरंचसं काम मोटर करते आणि त्यातून वीज बॅटरीत जाते, म्हणून ब्रेक पॅड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेले सहज दिसतात. (होंडाची पद्धत वेगळी आहे, तिथे इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि हायवेला एका क्लचने थेट चाकांना जोडलं जातं, पण इंजिनाला आराम आणि ब्रेकला आराम हा हिशोब तोच.)

मग राहते ती बॅटरी, जिची सगळ्यांना धास्ती. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ मॉड्युल (आतल्या छोट्या-छोट्या बॅटऱ्या), प्रत्येक ७.२ व्होल्टचं, मिळून २०१.६ व्होल्ट. २०१३ च्या कॅम्रीत तीच निकेल-मेटल हायड्राइडची मॉड्युल ३४, म्हणजे २४४.८ व्होल्ट. ही बॅटरी मोबाईलसारखी शंभरवरून शून्यावर कधीच येत नाही, गाडी तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवते, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं टिकते. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने २०११ मध्ये २००२ ची एक प्रियस तपासली होती, २ लाख ६ हजार मैल म्हणजे सुमारे ३ लाख ३० हजार किलोमीटर पळालेली, मूळ बॅटरीवरच. त्याच्या दहा वर्षं आधी त्यांनी जी नवी प्रियस तपासली होती तिच्याशी ताडून पाहिलं तर अ‍ॅव्हरेज जवळपास तेवढंच, पिकअपही जवळपास तेवढाच. मावसभाऊ खोटं बोलत नव्हता तो असा.

पण यातून लोक चुकीचा अर्थ काढतात की मग हायब्रिडची बॅटरी किलोमीटरवर मोजायची, आणि कमी रनिंगची गाडी शोधत सुटतात. इथेच माझं मत वेगळं आहे. ही बॅटरी किलोमीटरने कमी आणि वर्षांनी, उन्हाने, पडून राहण्याने जास्त म्हातारी होते. बेसमेंटमध्ये महिनोन्‌महिने कव्हर घालून ठेवलेली, बारा वर्षांत चाळीस हजार फिरलेली कॅम्री आणि नेमाने मुंबई-पुणे करून दीड लाख झालेली, सगळी सर्व्हिस वेळेवर असलेली कॅम्री समोर असेल तर मी दुसरी घेईन. एजंटला हे पटत नाही, कारण मीटरचा आकडा दाखवून भाव वाढवायची त्याची सवय आहे. उन्हाचंही तसंच, नागपूर-चंद्रपूरला ४५ च्या वर तापमानात उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि पुण्यात झाडाखाली उभी राहिलेली गाडी, वय कागदावर सारखं, बॅटरीचं वय सारखं नाही.

आणि एक बारकी गोष्ट जी जवळजवळ कोणीच बघत नाही. प्रियस-कॅम्रीत बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते आणि तिला थंड करणारा पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो, त्याची जाळी मागच्या भागातच असते. त्या जाळीवर लोक उशा ठेवतात, सीट कव्हरवाला तिच्यावरून कापड ताणून बसवतो, घरात कुत्रा असेल तर केसांचा थर. आत हवाच गेली नाही की बॅटरी तापते आणि मधली मॉड्युल आधी जातात. गाडी बघायला गेलात की मागे बसा, जाळी शोधा, मोबाईलचा टॉर्च मारा. धूळ जमून गालिचा झाला असेल तर बाकी इतिहास विचारायची फार गरज उरत नाही.

चालवून बघायची तर सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून काही कळत नाही, घाट पाहिजे. चढताना आणि उतरताना स्क्रीनवरच्या बॅटरीच्या काड्यांकडे बघा. थकलेली बॅटरी पटकन भरते आणि पटकन रिकामी होते, दोन-तीन मिनिटांत हिरव्यापासून तळापर्यंत आणि परत वर असा झोका दिसला तर समजायचं की आत जागा कमी उरलीय. मागून पंख्याचा मोठा आवाज सतत येत असेल तीही खूण. मात्र खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरी पूर्ण भरली आणि इंजिन एकदम मोठ्याने घोंघावायला लागलं तर घाबरू नका, बॅटरीत जागा नाही म्हणून गाडी ती ताकद इंजिन फिरवण्यात घालवतेय, पेट्रोल जळत नाहीये. याच आवाजाला घाबरून चांगल्या गाड्या सोडलेले लोक आहेत.

ओबीडीचं डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र) आणि मोबाईल अ‍ॅप असेल तर अजून उत्तम. प्रियसमध्ये गाडी २८ मॉड्युल दोन-दोनच्या जोडीने १४ ब्लॉकमध्ये वाचते, कॅम्रीत १७ ब्लॉक. जोरात पिकअप घेताना सगळे ब्लॉक साधारण एकसारखे खाली यायला हवेत, एखादाच इतरांपेक्षा भसकन खाली जात असेल तर तोच दुखणारा दात. पी०ए८० हा कोड निघाला म्हणजे गाडीने स्वतःच बॅटरी बदला असं सांगितलंय. तेव्हा गॅरेजवाला म्हणेल की दोन मॉड्युल बदलतो, स्वस्तात होईल. होतंही, पण उरलेली सगळी त्याच वयाची असतात, काही महिन्यांनी दुसरं जातं मग तिसरं. गाडी विकायची असेल तर तो उपाय ठीक, ठेवायची असेल तर पूर्ण नवी बॅटरीच. तिचा भाव ऐकीव धरू नका, चॅसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी कोटेशन घ्या आणि तोच कागद समोर ठेवून गाडीचा भाव करा. दहा वर्षांच्या कॅम्रीत तो आकडा वजा करूनही गाडी परवडत असेल तर घ्या, नसेल तर चहा पिऊन निघा.

बॅटरीच्या नादात बाकीचं विसरू नका. तिसऱ्या पिढीच्या प्रियसचं उदाहरण बोलकं आहे, तिथे बॅटरीच्या आधी इंजिनाने दगा दिल्याची भरपूर उदाहरणं आहेत, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा भाग) कार्बनने चोंदतं, मग हेड गॅस्केट जातं, आणि मालक बॅटरी-बॅटरी करत बसलेला असतो. ब्रेकचा अ‍ॅक्च्युएटर म्हणजे ब्रेकला दाब देणारा भाग, हाही असाच महागडा, आणि इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा भाग) थंड करणारा छोटा पंप स्वस्त असतो पण तो गेल्याचं लक्षात आलं नाही तर इन्व्हर्टरवर बेतते. थंड करण्याचं पाणी इंजिनाचं वेगळं आणि इन्व्हर्टरचं वेगळं, दोन्ही टाक्या बघायच्या.

वॉरंटीचं गणित सोपं आहे आणि लोक तेच उलटं समजतात. आपल्याकडे टोयोटा आणि मारुती स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, जे आधी होईल ते. हे बॅटरीचं आयुष्य नाही, कंपनी जोखीम घ्यायला तयार आहे ती मुदत. अमेरिकेत टोयोटाने २०२० च्या मॉडेलपासून हीच मुदत १० वर्षं किंवा दीड लाख मैल केली. म्हणजे २०२२ अखेरची ग्रँड विटारा किंवा हायरायडर स्ट्राँग घेत असाल आणि रनिंग मर्यादेत असेल, तर २०३० च्या अखेरीपर्यंत बॅटरीची काळजी कंपनीकडे, फक्त सर्व्हिसचं रेकॉर्ड पूर्ण आहे का आणि वॉरंटी तुमच्या नावावर होते का ते आधी विचारून घ्या. जुन्या कॅम्रीला हा आधार नाही. शिवाय खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, २०१३ ची कॅम्री २०२८ ला पुन्हा पासिंगला जाणार, ग्रीन टॅक्स वेगळा, तो खर्चही आजच धरा.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांबद्दल एवढंच, तिकडे दहा वर्षांहून जुनी डिझेल गाडी चालवू न देण्याच्या नियमाच्या धास्तीने जुन्या सियाझ एसएचव्हीएस कमी भावात मिळू लागल्या. एनओसी, आपल्याकडचा रोड टॅक्स आणि पुन्हा रजिस्ट्रेशन धरून मगच स्वस्त आहे का ठरवा, आणि विकणारा 'हायब्रिड आहे, तिला तो नियम नाही' म्हणाला तर आरसीवर इंधन काय लिहिलंय ते वाचा.

आणि शेवटी तो फोन जो स्ट्राँग हायब्रिडवाल्या प्रत्येकाला कधीतरी करावा लागतो, "गाडी मेली, काहीच लागत नाही, बॅटरी गेली वाटतं". दहातल्या बऱ्याच वेळा गेलेली असते ती साधी १२ व्होल्टची. स्ट्राँग हायब्रिडमध्येही ती असतेच, इंजिन ती फिरवत नाही, पण सगळे कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचा रिले तीच जागा करते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ती उतरते, आणि मग सगळा डॅशबोर्ड काळा. टो व्हॅन बोलवायच्या आधी मॅन्युअलमध्ये जंप स्टार्टचं पान काढा आणि तिचे व्होल्ट मोजा.