टायरच्या आतला भुगा

गणपतीच्या दोन दिवस आधी आम्ही चेंबूरहून चिपळूणला निघालो होतो. गाडी दीर चालवत होते. मानखुर्द सोडल्यापासून ते म्हणत होते की गाडी जरा डावीकडे ओढतेय. मागे सामान, मुलं, आरतीचं साहित्य आणि पुढे कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग, त्यामुळे ‘पनवेलला बघू’ असं म्हणत वाशीचा पूल ओलांडला, खारघर मागे टाकलं. कळंबोलीला जिथे कंटेनरचे ट्रेलर ओळीने उभे असतात, तिथल्या एका पंक्चरवाल्याकडे शेवटी थांबलो.

पुढच्या डाव्या टायरमध्ये बारीकसा खिळा होता. हवा मोजली तर ३३ऐवजी १४. पंक्चर काढून लगेच निघू, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या माणसाने टायर रिमवरून उतरवला, तिरका केला आणि हाताने थोपटला. आतून काळा भुगा बाहेर पडला, जाडसर रव्यासारखा, चांगला अर्धी वाटी. मग त्याने टायरच्या आतल्या भिंतीवरून माझं बोट फिरवलं. तिथे गोलाकार खरखरीत चर पडला होता आणि एका जागी धाग्यांची जाळी हाताला लागत होती.

“ताई, पंक्चर काढून देतो, पण टायर गेलाय. हा आता कधीही फुटेल.”

बाहेरून पाहिलं तर टायर धडधाकट होता, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. त्या अर्ध्या वाटी भुग्यात टायरचं जवळजवळ सगळं विज्ञान आहे, म्हणून हा लेख.

गाडीचं वजन कोण पेलतं? टायरचं रबर, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते वजन आतली हवा पेलते. रबर, त्यातले धागे आणि पोलादी तारा ही त्या हवेला धरून ठेवणारी पिशवी. साधा हिशेब करून बघा. माणसं आणि सामान धरून गाडी १,४०० किलोची असेल तर एका चाकावर ३५० किलो आले. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो दाब. ३५० भागिले २.३ केलं की सुमारे १५० चौरस सेंटिमीटर येतात. तुमचा पंजा बोटांसकट टेकवला तर जेवढी जागा लागेल, साधारण तेवढीच. म्हणजे अख्खी गाडी चार तळव्यांवर उभी असते. ब्रेक लागणं, वळण घेणं, पावसात रस्ता धरून राहणं, सगळं या चार तळव्यांतूनच होतं.

हवा निम्मी झाली की तेच वजन पेलायला जवळपास दुप्पट जागा लागते. मग टायर जास्त चेपतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती जास्त वाकतात. आपल्या गाडीच्या मापाचं चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेहून जास्त फेरे घेतं. ताशी ८०च्या वेगाला भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला अकरा वेळा वाकतो आणि सरळ होतो. रबराचा चेंडू वरून सोडला तर तो मूळ उंचीपर्यंत परत येत नाही. जी उंची कमी पडते, तेवढ्या ऊर्जेची उष्णता होऊन ती रबरात जिरते. टायरच्या भिंतीत हेच दर फेऱ्याला घडतं, आणि रबर उष्णतेचं वाहक म्हणून अगदी कुचकामी असल्यामुळे ती उष्णता लवकर बाहेरही पडत नाही.

चार्ल्स गुडइयरने १८३९ साली कच्चं रबर गंधकाबरोबर तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. रबराच्या लांबच लांब रेणूंना गंधकाचे दुवे बांधून ठेवतात, म्हणून टायर उन्हात चिकट होत नाही आणि ताणून सोडला की परत आकारात येतो. पण फाजील उष्णतेत हेच दुवे तुटू लागतात. रबर आणि धाग्यांची पकड सुटते, पोलादी पट्ट्यांचे थर एकमेकांपासून वेगळे होऊ लागतात. चेपलेल्या भिंती आतून एकमेकींवर घासल्या की भुगा पडतो. चेंबूर ते कळंबोली हे जेमतेम पाऊण तासाचं अंतर आमचा टायर आतून संपवायला पुरलं.

आता एका समजुतीबद्दल बोलायलाच हवं, कारण ती जिवावर बेतणारी आहे. ‘उन्हाळ्यात एक्स्प्रेस वेला जाताना हवा जरा कमीच ठेवायची, तापून वाढते आणि टायर फुटतो.’ हे मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकलंय, पेट्रोल पंपावर ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. हवा तापून वाढते हे खरं आहे. किती वाढते ते बघू. सकाळी २८ अंशांना टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे. वातावरणाचा दाब मिळवला तर एकूण ४८च्या आसपास. चालून चालून टायर ५८ अंशांवर गेला तर निरपेक्ष तापमान (उणे २७३ अंशांपासून मोजलेलं) सुमारे १० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे दाबही तेवढाच वाढणार. ४८चे ५३ होतील; वातावरणाचा दाब वजा केला की काट्यावर ३८ दिसतील. हे गृहीत धरूनच कंपनीने ३३ आकडा दिलेला असतो, आणि चांगला टायर नुसत्या दाबाने फुटायला याच्या कितीतरी पट हवा लागते. याउलट निघतानाच २५ ठेवली, तर भिंती जास्त वाकणार, टायर जास्त तापणार, आणि ज्या फुटण्याला आपण घाबरलो त्याचीच आपण तयारी केलेली असणार. लोणावळ्याच्या फूड मॉलवर थांबून तापलेल्या टायरमधली ‘वाढलेली’ हवा सोडून देणं ही त्याच चुकीची दुसरी आवृत्ती. गार झाल्यावर तो टायर कमी हवेचाच निघतो.

या चुकीची किंमत किती मोठी असू शकते, ते अमेरिकेत ऑगस्ट २०००मध्ये दिसलं. फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. ते प्रामुख्याने फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांना लागले होते. महामार्गावर धावताना टायरचा वरचा थर सुटून येई आणि गाडी उलटे. दोनशेहून जास्त माणसं गेली. टायरच्या बनावटीत दोष होताच, पण गाडीसाठी सुचवलेला दाब २६ पीएसआय इतका कमी होता, आणि अपघातांचा जोर टेक्सास, फ्लॉरिडा, अ‍ॅरिझोना अशा उष्ण राज्यांत होता. ऊन, वेग, ओझं आणि कमी हवा एकत्र आली की काय होतं, हे तेव्हा साऱ्या जगाने पाहिलं. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली.

पंक्चर नसलं तरी टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप झिरपते. म्हणून महिन्यातून एकदा, आणि लांब निघण्याआधी, हवा बघायची. गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा पंप दोन-तीन किलोमीटरच्या आत असावा. आकडा कुठला सांगायचा? ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक चिकटपट्टी दिसते, तिच्यावर लिहिलेला. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, आपल्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. पाच जण आणि भरलेली डिकी असेल तर मागच्या चाकांसाठी बहुतेकदा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. कोकणात जाताना तोच लागू. नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. मिळाला तर भरा, पण तो भरला म्हणून महिन्याची तपासणी टळत नाही.

मुंबईचा पाऊस टायरची दोन वेगळ्या रीतींनी परीक्षा घेतो. पहिली वेगाची. रस्त्यावर पाणी साचलं की टायरची नक्षी पंपासारखं काम करते. पुढ्यातलं पाणी खाचांतून बाजूला फेकून रबराला डांबरापर्यंत पोचू देते. नक्षी झिजली किंवा वेग वाढला की पाणी वेळेत बाहेर पडत नाही, टायर त्याच्यावर स्वार होतो आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं लागतं. त्या क्षणी आपण रस्त्यावर नसतोच. नासाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून दाखवलं की हा धोक्याचा वेग टायरच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या सूत्राने ३३ पीएसआयला सुमारे ९६ किलोमीटरचा वेग येतो, २२ पीएसआयला ७८चा. मोटारीच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, नक्षी आणि पाण्याची खोली त्यात फरक पाडते, पण रोख तोच राहतो. हवा कमी असली की गाडी कमी वेगालाच तरंगते. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीची ०.८ मिलिमीटर खोल हवी. मोजायला पट्टी लागत नाही. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. माझं मत विचाराल तर मुंबईच्या पावसात तिथपर्यंत थांबूच नये. मे महिन्यात टायर बघा, ३ मिलिमीटरच्या खाली आला असेल तर जून उजाडायच्या आत बदला.

दुसरी परीक्षा खड्ड्यांची. पाण्याखाली लपलेला खड्डा, उखडलेला पेव्हर ब्लॉक, गटाराच्या झाकणाची धारदार कड. चाक धाडकन आदळलं की रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात टायरची भिंत चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. दोन-चार दिवसांनी त्या जागी फुगा येतो, लिंबाएवढा, कधी अंड्याएवढा. हाताने दाबला तर मऊ लागतो. तिथे आता हवेला अडवायला नुसतं रबर उरलेलं असतं. याला ठिगळ नाही, दुरुस्ती नाही, ‘गावाला जाऊन आल्यावर बघू’ नाही. मोठा आदळा बसला की त्या संध्याकाळी मोबाइलचा दिवा लावून टायरच्या दोन्ही बाजू बघा. आतली बाजू कोणी बघत नाही, आणि फुगा पुष्कळदा तिथेच येतो.

कळंबोलीला आमचं काम चालू असताना शेजारच्या ट्रेलरचा चालक लोखंडी रॉड घेऊन एकेका टायरवर ठोकत फिरत होता. उरण-न्हावाशेवाच्या रस्त्यावर हे रोजचं दृश्य. भरलेला टायर ठणकतो, बसलेल्याचा आवाज भद्द येतो. पूर्ण बसलेला टायर या रीतीने सापडतो, पण १०० पीएसआयच्या जागी ८० असतील तर कान फसतात. त्यासाठी गेजच लागतो. जोडचाकांत तर हा घोटाळा आणखी आतबट्ट्याचा ठरतो. दोन टायर एकाच धुऱ्याला जखडलेले, दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे. एकातली हवा कमी झाली की त्याचा घेर किंचित घटतो आणि तो रस्त्यावर फरपटत जातो. त्याच्या वाट्याचं ओझं शेजाऱ्यावर पडतं. एक घासून तापतो, दुसरा ओझ्याने तापतो. पुढे केबिनमध्ये बसलेल्याला यातलं काही जाणवत नाही, कारण ट्रेलरच्या मागच्या चाकाचा धक्का स्टिअरिंगपर्यंत पोचतच नाही. हायवेवर रबराच्या लांब पट्ट्या पडलेल्या दिसतात आणि आपण ‘रिमोल्ड होता’, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेलं होतं, असं म्हणून मोकळे होतो. अमेरिकेत असे तुकडे गोळा करून तपासले तेव्हा त्यांत कधीच रिमोल्ड न झालेल्या टायरांचेही भरपूर निघाले. कारणं मुख्यतः दोन: रस्त्यावरच्या वस्तूंनी झालेली इजा आणि कमी हवा.

या दुकानांत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. ट्रकच्या ज्या रिमला लोखंडी रिंग बसवलेली असते, त्यात हवा भरताना रिंग नीट बसली नाही तर ती तोफगोळ्यासारखी उडते. माणसं यात जागच्या जागी गेली आहेत. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळी लावून, बाजूला उभं राहूनच हवा भरायला हवी. आपल्या ट्रकचं काम चालू असेल तर आपणही रिंगसमोर उभं राहू नये आणि कामगारालाही राहू देऊ नये.

चालत्या गाडीचा टायर फुटलाच तर पाय ब्रेककडे धावतो, तो आवरायचा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, वेग पुरता उतरला की मग कडेला घ्यायची.

आमच्यापुढे प्रश्न स्टेपनीचा होता. हा शब्द वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. तिथे १९०४मध्ये दोन भावांनी मोटारीसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली. आमची स्टेपनी डिकीत सामानाखाली होती. हवा मोजली तर १८. अंगावर शेवटचे चार आकडे होते ३११४, म्हणजे २०१४ सालच्या ३१व्या आठवड्यात बनलेला टायर. न वापरलेलं रबरही हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने हळूहळू कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. सहा वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही चांगली असली तरी तो ठेवू नये. आमचा दहा वर्षांच्या पुढे गेलेला होता. दिरांनी तिथेच दोन नवे टायर विकत घेतले आणि आम्ही दीड तास उशिरा निघालो.

निघताना मी त्या भुग्यातला चमचाभर कागदाच्या पुडीत बांधून घेतला. ती पुडी आता गाडीच्या कप्प्यात असते. पार्किंगमध्ये कोणी हवा कमी ठेवण्याचा विषय काढला की मी ती उघडून त्यांच्या तळहातावर ओतते.