राखीव कॅचरचं मोल बॅटवर ठरत नाही

2009 चा ऑक्टोबर. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचे मॅनेजर जो जिरार्डी यांनी प्लेऑफच्या तोंडावर एक निर्णय घेतला आणि चाहत्यांमध्ये जुंपली. ए. जे. बर्नेट ज्या दिवशी पिचिंग (म्हणजे गोलंदाजी) करेल त्या दिवशी नेहमीचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा) होर्हे पोसाडा बाहेर बसणार आणि राखीव कॅचर होसे मोलिना खेळणार, असं ठरलं. पोसाडाने त्या हंगामात 22 होम रन मारले होते, सरासरी 0.285, म्हणजे बॅटिंगच्या दर हजार संधींमागे 285 यशस्वी फटके (हिट्स). मोलिनाची सरासरी 0.217, होम रन फक्त एक. ऐन मोक्याच्या सामन्यात असा फलंदाज उतरवायचा? याच्याऐवजी दुसरा कोणी आणा, अशी मागणी होणं साहजिकच होतं.

वर्ल्ड सिरीजने, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेने, दोन्ही बाजूंना पुरावा दिला. दुसऱ्या सामन्यात बर्नेटने सात इनिंग्जमध्ये एकच धाव दिली, नऊ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि यांकीज 3-1 ने जिंकले. पाचव्या सामन्यात तोच बर्नेट, समोर तोच मोलिना. सहा धावा देऊन तो तिसऱ्या इनिंगमध्येच बाहेर. सिरीज यांकीजने जिंकली, पण वाद काही मिटला नाही. दोन सामन्यांवरून तो मिटणारही नव्हता.

बेसबॉलचा कॅचर म्हणजे ढोबळमानाने आपला यष्टिरक्षक. मात्र सामन्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्याच्या हातावरून जातो. 162 सामन्यांच्या हंगामात रोज उकिडवं बसून एकच माणूस हे काम करू शकत नाही. गुडघे बोलू लागतात, फाउल झालेले चेंडू मास्कवर आदळतात. म्हणून प्रत्येक संघ दुसरा कॅचर ठेवतो. पन्नासेक सामने त्याच्या वाट्याला येतात आणि त्यातल्या बॅटिंगवरून चाहते त्याचा निकाल लावतात.

गणिताच्या दृष्टीने हा निकाल फार कच्चा असतो. पन्नास सामन्यांत त्याला साधारण दीडशे वेळा बॅटिंग मिळते असं धरू. एखाद्या खेळाडूची खरी कुवत 0.230 असेल, तर दीडशे संधींमध्ये निव्वळ योगायोगाने त्याची सरासरी 0.195 पासून 0.265 पर्यंत कुठेही जाऊ शकते. तीनपैकी एखाद्या हंगामात तर ती या पट्ट्याच्याही बाहेर पडेल. म्हणजे ज्याला आपण ‘संपलेला’ म्हणतो आणि ज्याला ‘याला रोज खेळवा’ म्हणतो, तो एकच माणूस असू शकतो. 0.217 आणि 0.250 मधला फरक दीडशे संधींमध्ये अवघ्या पाच हिट्सचा. सहा महिन्यांत पाच. दोन चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागण्याऐवजी शेजारून गेले, एक वाऱ्याने आत पडला, की हिशेब बदलला.

आता त्याच पन्नास सामन्यांत त्याच्या ग्लोव्हमध्ये काय होतं ते पाहा. प्रतिस्पर्धी संघाला एका सामन्यात साधारण दीडशे चेंडू टाकले जातात, म्हणजे एकूण सात हजारांच्या वर. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास चेंडूंवर फलंदाज बॅट फिरवतच नाही आणि स्ट्राइक (प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीतून गेलेला चेंडू) की बॉल (चौकटीबाहेरचा) हे अंपायर ठरवतो. होम प्लेट (फलंदाजापाशी जमिनीत बसवलेली पाटी) 17 इंच, म्हणजे 43 सेंटिमीटर रुंद. वेगवान चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यावर सुमारे 0.4 सेकंदात पोचतो आणि प्लेटवरून पार व्हायला त्याला जेमतेम एक शतांश सेकंद लागतो. अंपायर कॅचरच्या मागे वाकून उभा. काठावरच्या चेंडूबाबत त्याचा डोळा ग्लोव्हकडे ओढला जाणारच.

इथे खरी कारागिरी आहे. चेंडू प्लेट ओलांडतो तेव्हा तो खाली उतरत असतो. उतार सहा अंशांचा धरला तरी पुढच्या मीटरभरात तो आणखी 10 सेंटिमीटर खाली जातो. गुडघ्याच्या रेषेवरून नियमानुसार स्ट्राइक गेलेला चेंडू कॅचरच्या हातात येईपर्यंत नडगीपाशी पोचलेला असतो. अशा वेळी नवखा कॅचर वरून खाली हात मारतो. चेंडूच्या वेगाने ग्लोव्ह आणखी खाली दबतो आणि अंपायरला दिसतो तो सरळ सरळ ‘बॉल’. जाणता कॅचर ग्लोव्ह आधीच जमिनीलगत नेतो, खालून वर येत चेंडू घेतो आणि मनगट तिथेच रोखतो. डोकं हलत नाही, खांदा हलत नाही. याला फ्रेमिंग म्हणतात. मोलिना या कामात अव्वल होता.

हे कौशल्य जुन्या खेळाडूंना ठाऊक होतंच, पण त्याचं माप कोणाकडे नव्हतं. 2008 पर्यंत मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगच्या) सगळ्या मैदानांवर ‘पिचएफएक्स’ कॅमेरे बसले आणि प्रत्येक चेंडू प्लेटवरून नेमका कुठून गेला याची नोंद होऊ लागली. मग एकाच जागेवरून गेलेले चेंडू इतरांच्या हातात किती वेळा स्ट्राइक ठरतात आणि या कॅचरच्या हातात किती वेळा, हे ताडून पाहता आलं. बॉलचा स्ट्राइक झाला की सरासरी 0.13 धावेच्या आसपास फायदा होतो. दिसायला क्षुल्लक. पण 2011 मध्ये माइक फास्ट या विश्लेषकाने ही बेरीज मांडली, तेव्हा मोलिना दर 120 सामन्यांमागे सुमारे 35 धावा वाचवतो असं निघालं. दहा धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय. पाच हिट्सवरून भांडणाऱ्यांसमोर हा आकडा आला! पुढच्याच हंगामात टँपा बे रेजने मोलिनाला घेतलं आणि वयाच्या 37व्या वर्षी तो 102 सामने खेळला, कारकिर्दीतले सर्वाधिक. फास्टला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने नोकरीवर घेतलं.

सगळंच मोजता येतं असं मात्र नाही. पिचरला कोणता चेंडू टाकायला सांगायचा, त्याचा धीर कसा टिकवायचा, हे कॅचरचं काम आकड्यांत नीट पकडता आलेलं नाही. बर्नेट आणि मोलिनाचं जमत होतं, यावर माझा विश्वास आहे; पण त्यापायी पोसाडाची बॅट बाजूला ठेवण्यासाठी मला तेवढंच कारण पुरलं नसतं. फ्रेमिंगचं कारण पुरलं असतं.

आता या हिशेबाचा पायाच हलतो आहे. दक्षिण कोरियाच्या लीगमध्ये 2024 पासून प्रत्येक चेंडूचा निर्णय यंत्र देतं; तिथे फ्रेमिंगची किंमत शून्य, आणि चांगली बॅट असलेला राखीव कॅचर मागणारे चाहते रास्तच आहेत. अमेरिकेने 2026 च्या हंगामासाठी मधला मार्ग निवडला. निर्णय अंपायरचाच, पण त्याविरुद्ध यंत्राकडे दाद मागायला प्रत्येक संघाला दोन आव्हानं. आव्हान बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. टोपीवर किंवा हेल्मेटवर हात ठेवून ते तिथल्या तिथे मागायचं, तेही फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचरने. डगआउटमधून कोणी सुचवायचं नाही. काठावरचे बहुतेक चेंडू अजून अंपायरच्याच डोळ्यावर राहतील, म्हणून फ्रेमिंग टिकेल. शिवाय कोणत्या चेंडूवर आव्हान खर्च करायचं हे चेंडूच्या सर्वांत जवळ बसलेल्या माणसाला कळायला हवं. त्यामुळे सध्या तरी, 0.217 ची सरासरी आणि स्थिर मनगट असलेला कॅचर माझ्या संघात असता, तर मी त्याला बदलला नसता.