जिऱ्याचा फेस ओसरतो तेव्हा

कढईत नारळाचे तेल तापत असताना त्यात जिऱ्याचा एकच दाणा टाकून पाहावा. तेल पुरेसे तापलेले नसेल तर दाणा मुकाट्याने तळाशी पडून राहतो. तापलेले असेल तर त्याच्या कडांभोवती बारीक बुडबुड्यांची माळ उठते आणि दाणा हलू लागतो. हे बुडबुडे तेल उकळल्यामुळे येत नाहीत, कारण फोडणीच्या तापमानाला खाद्यतेल उकळतच नाही. ते असतात दाण्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेचे. वाळवून साठवलेल्या जिऱ्यातही वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी शिल्लक असते, आणि १७० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या तेलात पडताच त्या पाण्याची वाफ होऊ लागते. पाण्याची वाफ होताना बरीच उष्णता खर्ची पडते, त्यामुळे हा फेस येत असेपर्यंत दाण्याचे अंतरंग १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. फेस ओसरला म्हणजे पाणी संपले. तिथून पुढे दाण्याचे तापमान तेलाच्या तापमानाकडे झपाट्याने चढते आणि खरी भाजणी सुरू होते. हा टप्पा काही सेकंदांचाच असतो, आणि फोडणी साधणे किंवा बिघडणे याचा निकाल त्यातच लागतो.

या काही सेकंदांत काय घडते हे समजण्यासाठी दाण्याची रचना पाहावी लागते. आपण ज्याला जिऱ्याचे बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ आहे. धने, बडीशेप, ओवा, शेपू, गाजर आणि ज्याच्या चिकापासून हिंग मिळतो ते झाड या सर्वांच्या कुलातलेच जिरे असून या कुलातील फळे पिकल्यावर उभी दुभंगतात. साध्या भिंगाखाली जिऱ्याचा दाणा धरला तर चार ते सहा मिलिमीटर लांबीचे, एकमेकांना चिकटलेले दोन भाग, त्यांवरील उभ्या कडा आणि त्या कडांवरची बारीक लव स्पष्ट दिसते. सुगंधी तेल असते ते सालीच्या आत, दाण्याच्या लांबीने धावणाऱ्या अतिशय अरुंद नलिकांमध्ये. प्रत्येक अर्ध्या भागात अशा सहा नलिका असतात. या तेलाचे प्रमाण दाण्याच्या वजनाच्या साधारण २.५ ते ४.५ टक्के एवढेच असते. अखंड दाण्यात ते हवेपासून सुरक्षित राहते. म्हणूनच अखंड जिरे महिनोन्‌महिने टिकते आणि दळून ठेवलेली पूड काही आठवड्यांतच निस्तेज होते. बाजारातील तयार जिरेपुडीत पैसे घालण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

या तेलातील मुख्य घटक क्युमिनाल्डिहाइड. जिऱ्याला ‘जिरे’ म्हणून ओळख देणारा उग्र, उबदार, किंचित घामट वास त्याचा आणि त्याच्या जवळच्या काही अल्डिहाइडांचा, म्हणजे त्याच रासायनिक गटातील गंधद्रव्यांचा. त्यांच्या जोडीला बीटा-पायनिन, गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन ही हलकी, चटकन उडून जाणारी द्रव्ये असतात. बीटा-पायनिन सुमारे १६६ अंशांना उकळते, तर क्युमिनाल्डिहाइड २३५ अंशांच्या आसपास. त्यामुळे दाणा तापला की आधी हलकी द्रव्ये निघून जातात आणि जड गंध मागे राहतो. ही सारी द्रव्ये पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, तेलात मात्र सहज विरघळतात. फोडणीचे सारे कौशल्य या एका गुणधर्मावर उभे आहे. वाफेच्या दाबाने नलिका उकलतात, त्यांतील सुगंध भोवतालच्या तेलात उतरतो, आणि मग ते तेल वरणावर किंवा मुगागाठीवर, म्हणजे मोड आलेल्या मुगांच्या गोव्याकडील रश्श्यावर, ओतले की सुगंध पातेलेभर पसरतो.

फेस ओसरल्यानंतर त्यात दुसरी एक प्रक्रिया सामील होते. सुमारे १४० अंशांच्या पुढे दाण्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात वेगाने अभिक्रिया होऊन तपकिरी रंग येतो आणि पायराझिन गटातील खमंग गंधद्रव्ये तयार होतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले. भाकरीचा पापुद्रा आणि भाजलेले काजू यांचा खमंगपणाही तिच्यातूनच येतो. थोडक्यात, तळलेल्या जिऱ्याच्या वासात जिऱ्याचा स्वतःचा गंध असतो तसा विस्तवाने नव्याने घडवलेला गंधही असतो. ही भाजणी हद्दीबाहेर गेली की कडूपणा येतो, आणि तो नंतर कशानेही झाकला जात नाही. चिरलेला कांदा किंवा वरणच कढईत पडले की तेल तत्काळ थंडावते, म्हणून ते हाताशी तयार ठेवूनच जिरे टाकावे.

मोहरी आधी आणि जिरे नंतर, हा क्रमही याच हिशेबाने आहे. मोहरीचा दाणा गोल आणि घट्ट सालीचा असल्याने आत वाफेचा पुरेसा दाब साठल्यावरच तो फुटतो, आणि त्यासाठी तेल चांगले तापावे लागते. जिरे निमुळते आणि मुळातच दुभंगलेले असल्याने त्यातून वाफ सहज वाट काढते. ते मोहरीसारखे तडतडत नाही, फुलते. दोन्ही एकदम टाकल्यास मोहरी फुटेपर्यंत जिरे काळे पडते. घाण्याच्या, म्हणजे शुद्धीकरण न केलेल्या, नारळाच्या तेलात तर आणखी जपावे लागते, कारण ते १७५ अंशांच्या आसपासच धूर सोडू लागते. तुपात तेवढी घाई नसते.

गोव्याच्या स्वयंपाकात मात्र अखंड जिऱ्याची फोडणी हा जिऱ्याचा एकमेव, किंबहुना मुख्यही, उपयोग नाही. येथे जिरे पुष्कळदा कच्चेच, मिऱ्यांबरोबर, वाटणात जाते. ख्रिस्ती घरांतील ‘जिरें-मिरें’ मसाल्यात त्याला व्हिनेगरची जोड मिळते. पूर्वी रगड्यावर आणि आता मिक्सरमध्ये ओल्या नारळाबरोबर जिरे वाटले जाते, तेव्हा नलिका उष्णतेने न उकलता चिरडल्या जातात आणि बाहेर आलेला सुगंध नारळातील स्निग्धांशात अडकतो. ओल्या खोबऱ्यात वजनाच्या सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असल्याने ते या कामी तेलाची जागा घेते. पुढे आमटी कितीही वेळ रटरटली तरी पाणी असेपर्यंत तिचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते, म्हणून वाटणातल्या जिऱ्याला खमंगपणा येत नाही. त्याचा वास हिरवट, थोडा तिखट आणि कच्च्या जिऱ्याशी प्रामाणिक राहतो. शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या गोव्याकडील रश्श्याचा, मसाला भाजताना जिरे आणि खोबरे वेगवेगळे भाजण्याचा आग्रह असतो, त्याचे कारणही पाणीच: ओल्या खोबऱ्यातले पाणी उडायला वेळ लागतो आणि तोवर जिऱ्याचा कोळसा होतो. कोकमाच्या सरबतात घालायचे जिरे मात्र बिडाच्या तव्यावर, तेलाशिवाय, मंद आचेवर सतत हलवत भाजावे. तेथे सुगंध धरून ठेवायला तेल नसते, म्हणून घरभर दरवळ सुटण्याची वाट पाहू नये. जे घरभर पसरले ते सरबतात येणार नसते.

हे पीक गोव्यात होत नाही. देशातील बहुतेक सर्व जिरे गुजरात आणि राजस्थानात पिकते आणि मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. नोव्हेंबरात पेरून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढले जाणारे हे पीक थंड, कोरडी हवा मागते; ढगाळ, दमट हवेत त्यावर करपा आणि भुरी पडते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात त्याचा निभाव लागणे कठीणच. आणि या हवेचा त्रास पिकापुरता थांबत नाही. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच भरून ठेवायच्या बेगमीच्या, सामानात मे महिन्यात भरून ठेवलेले जिरे जुलैपर्यंत सादळते. गेल्या पावसात माझ्या घरी असे जिरे फोडणीत पडले तेव्हा फेस नेहमीपेक्षा बराच वेळ येत राहिला, जिरे फुलले असे समजून मी घाईने कांदा घातला, आणि भाजीला जिऱ्याचा वास जेमतेमच लागला. तेल बिघडले नव्हते आणि जिरेही जुने नव्हते. दाण्यातले जादा पाणी अजून निघायचे होते. तेव्हापासून पावसाळ्यात लागेल तेवढे जिरे आधी कोरड्या तव्यावर, रंग न बदलता, नुसते कोमट होईपर्यंत फिरवून घेतो आणि मगच तेलात टाकतो.