‘इकडे सर्व क्षेम’ : घरच्या ताणाला ऑनलाइन समुपदेशनापर्यंत आणणारी वाट

खानापूर तालुक्यातल्या एका गावात रात्री साडेनऊला माझ्या नात्यातली एक सून मोबाइल घेऊन गच्चीवर जाते. जिन्याच्या दाराला बाहेरून कडी लावते आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसते. रेंज तिथंच येते. स्क्रीनवर दोन चौकटी उघडतात. एकीत पुण्याच्या समुपदेशक बाई, दुसरीत तिचा नवरा. त्याचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे. शटर अर्धं ओढून तो भट्टीशेजारी स्टूल टाकून बसलेला असतो. विषय त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाचा. पोरगं शाळेत मारामाऱ्या करतं, घरी आईवर हात उगारतं. पहिल्या सेशनला तिनं आधी हेच विचारलं होतं, “मीच वाईट आई हाय का?” हे सगळं तिला विचारूनच लिहितो आहे.

ऑनलाइन समुपदेशन म्हणजे कोरोनात शहरांकडून आलेली सोय, असं सर्रास म्हटलं जातं. आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांपुरतं तरी मला ते पटत नाही. इथलं घर कित्येक पिढ्या दोन ठिकाणी वाटलेलं आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत पावसानं दगा दिला की कर्ता पुरुष मुंबई गाठायचा. कुणी गिरणीत, कुणी बाजारात हमालीला. माथाडी कामगारांचा कायदा १९६९ चा, पण पाठीवर पोती वाहणारे साताऱ्याचे गडी त्याआधीपासूनच तिथं होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढं किती संसार विस्कटले, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. काहीजण फौजेत गेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ हे नाव उगाच चिकटलेलं नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभरातल्या सराफ बाजारांत पसरले. बाप म्हणजे यात्रेला आणि लग्नसराईत दिसणारा माणूस, अशी ओळख घेऊन इथल्या अनेक पिढ्या मोठ्या झाल्या.

त्या बापाशी बोलायचं साधन होतं पोस्टकार्ड. ते उघडं. लिहिता न येणारी बाई शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यायची आणि तिकडे खोलीतला कुणीतरी शिकलेला दहाजणांसमोर ते वाचून दाखवायचा. मायना ठरलेला: ‘इकडे सर्व क्षेम, तुमचेकडील खुशाली कळवणे.’ मनिऑर्डर पोचली, म्हैस व्याली, धाकट्याला ताप येऊन गेला, हे सगळं त्यात मावायचं. ‘मला पोरं आवरंनात, मी थकले’ हे मात्र त्या कार्डावर कुणी लिहिलं नाही.

मग ते कुठं बोललं जायचं? भांगलणीच्या पातीवर, कृष्णेच्या नाहीतर येरळेच्या काठी धुणं धुताना, आणि माहेरी गेल्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून. या जागांनी बायकांना तगवलं, ते मी कमी लेखत नाही. पण पातीवर सांगितलेलं दिवस मावळायच्या आत भावकीत पोचायचं, आणि सल्ला बहुतेक वेळा एकच मिळायचा, तो म्हणजे ‘सोस’.

नाव न सांगता लांबच्या जाणत्या माणसाला विचारण्याची वाट मराठीत अगदीच नव्हती असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यातून उत्तरं दिली. पण ती शिकलेल्यांची वाट होती.

सरकारी बाजूला एका टोकाला दवाखाना होता आणि दुसऱ्या टोकाला कोर्ट. मनाचा आजार म्हटला की येरवड्याचं नाहीतर रत्नागिरीचं मनोरुग्णालय. ही दोन गावांची नावं आमच्याकडं शिवीसारखी वापरली जात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, जिल्हा पातळीवरचा १९९६ मध्ये. त्यांचा भर साहजिकच गंभीर आजारांवर होता. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. तिथं समुपदेशकाची तरतूद आहे, पण तिथवर येणारा संसार आधीच फुटलेला असतो. मधल्या घरांसाठी, म्हणजे जिथं कुणी वेडं झालेलं नाही आणि कुणी घटस्फोटही मागत नाही, फक्त रोज संध्याकाळी आरडाओरडा होतो, अशा घरांसाठी दारच नव्हतं. दारूच्या बाबतीत साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या ‘परिवर्तन’सारख्या व्यसनमुक्तीच्या कामातून एक दार उघडलं, आणि पिणाऱ्याच्या मागे त्याचं घरही असतं हे लोकांना दिसलं. खरं तर घरच्यांना उपचारात सामील करून घेण्याचा विचार आपल्या देशाला नवा नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच रुग्णांचे नातेवाईक आवारात तंबूंत राहायला आणले होते.

पालकांच्या ताणाला शास्त्रात स्वतंत्र जागा त्यामानानं उशिरा मिळाली. अमेरिकेतल्या रिचर्ड अबिडिन यांनी तो मोजायची प्रश्नावली १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचं म्हणणं साधं आहे: ताण मुलाच्या स्वभावातून येतो, पालकाच्या स्वतःच्या अवस्थेतून येतो आणि भोवतालच्या परिस्थितीतूनही येतो. गच्चीवरच्या त्या सुनेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. वाईट आई असणं वेगळं आणि दोघांचा भार एकटीनं ओढणं वेगळं.

दुरून ऐकून घेण्याची साधनं तिकडे आधी तयार झाली. लंडनमध्ये १९५३ ला चॅड वारा या धर्मगुरूनं फोनवर दुःख ऐकायची ‘समॅरिटन्स’ ही सेवा सुरू केली. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात १९८६ मध्ये विद्यार्थी संगणकावरून नाव न सांगता ‘अंकल एझ्रा’ या सल्ला देणाऱ्या सेवेला प्रश्न विचारू लागले. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ २०१२ मध्ये फोन आणि ईमेलवर आली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. आणि २५ मार्च २०२० ला, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी, केंद्रानं टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून उपचार-सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. शाळा बंद झाल्या, पोरांच्या अभ्यासासाठी घरोघरी दुसरा मोबाइल आला. आमच्या सुनेच्या हातातला मोबाइल तोच. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. २०२० ची ती तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, समुपदेशकांसाठी नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना २०२१ च्या आरोग्य-व्यावसायिकांच्या कायद्यानं यादीत घेतलं. तेव्हा पैसे भरण्याआधी समोरच्याचं शिक्षण आणि नोंदणी विचारावी, त्यात संकोच नको. आणि घरात मारहाण होत असेल किंवा कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, तर स्क्रीनवर भिस्त ठेवू नये, माणसाला घेऊन दवाखाना गाठावा.

आमच्याकडं खरी अडचण नेटची नाही, दार लावता येईल अशा खोलीची आहे. म्हणून गच्ची, म्हणून गोठा, म्हणून शेतातली मोटारीची खोली. चौथ्या सेशनला सासूबाईच जिना चढून वर आल्या आणि दार वाजवलं. सुनेनं कडी काढली. त्या टाकीशी बसल्या, पदर सावरला आणि स्क्रीनकडं बघून त्यांनी आधी विचारलं, “बाई, तुमास्नी लेकरं किती?” मग अर्धा तास त्याच बोलत होत्या. नवरा मुंबईत हमालीला असताना चार पोरं कशी वाढवली, थोरल्याला एकदा चुलीतल्या लाकडानं कसं मारलं, आणि ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कोइमतूरच्या चौकटीतला तो थोरला शटरकडं तोंड फिरवून बसला होता. समुपदेशक बाईंनी त्या दिवशी वेळ संपल्याचं सांगितलं नाही.