बोटाला लागलेली पूड : जुन्या हॉट रॉडला रंग द्यावा का?

गॅरेजमध्ये जुनी हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, उभी आहे आणि तिला रंग द्यायचा की अशीच ठेवायची, यावर घरात दोन तट पडले आहेत. अशा वेळी बॉनेटवरून आधी कोरडं बोट फिरवून पाहावं. बोटाला गाडीच्याच रंगाची, खडूसारखी पूड लागली तर गोष्ट एक, आणि तपकिरी-तांबूस पूड लागली तर गोष्ट अगदी वेगळी. दोन्हींना लोक ‘पॅटिना’च, म्हणजे वयाने चढलेली छटा, म्हणतात आणि फोटोत दोन्ही देखण्या दिसतात. पण पहिल्या गाडीचा रंग म्हातारा झालेला असतो, आणि दुसरीचा पत्रा संपत चाललेला असतो.

हॉट रॉड ही मूळची दक्षिण कॅलिफोर्नियाची. १९३०च्या दशकात तिथली पोरं जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या घेत, मडगार्ड आणि जड भाग काढून टाकत, इंजिनाची ताकद वाढवत आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर वेग आजमावत. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं, त्यामुळे त्या सालची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची गाडी, या मंडळींची विशेष लाडकी झाली. पैसा इंजिनावर खर्च व्हायचा, रंगाची पाळी शेवटी. कित्येक गाड्या वर्षानुवर्षं नुसत्या प्रायमरवर धावल्या.

त्या काळचा रंग बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर असे. ड्युपाँटचा ‘ड्युको’ हा त्यातला गाजलेला. १९२४च्या ओकलंड गाडीवर तो निळ्या छटेत आला आणि गाडीचा रंग वाळायला जे दिवसच्या दिवस लागत ते काही तासांवर आलं. रंग म्हणजे दोन गोष्टींची जोडी असते : रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारा बंधक. उन्हातली अतिनील किरणं बंधकाच्या लांब साखळ्या तोडतात. वरचा थर झिजतो, कण उघडे पडतात आणि बोटाला लागतात. पण ही झीज वरून आत सरकते, तीही सावकाश. खाली शाबूत थर असेल तर पत्रा अजून झाकलेला आहे. अशा गाडीचा रंग खरवडून काढणं मला पटत नाही. कुठे हाताच्या कोपराने झिजला, कुठे पेट्रोल सांडून उतरला, कुठे दरवाजाची कड घासली, हे सगळं त्या थरात नोंदलेलं असतं. नवा रंग उद्याही देता येईल, ही नोंद मात्र पुन्हा लिहिता येणार नाही.

प्रायमरची गोष्ट उलटी आहे. तो मॅट दिसतो, कारण त्यात रंगद्रव्य भरपूर आणि बंधक बेताचा असतो. कण पृष्ठभागावर डोकं वर काढतात, प्रकाश विखुरतात आणि चकाकी जाते. पण बंधक कमी पडला की कणांमधल्या फटीही पूर्ण भरत नाहीत आणि त्यांतून ओल आत जाते. प्रायमर हा पुढच्या थराला धरण्यासाठी असतो, पावसाला अडवण्यासाठी नव्हे. त्यामुळे ‘निदान प्रायमर तरी आहे’ या भरवशावर उघड्यावर ठेवलेली गाडी आतून गंजत असते.

आता गंजाकडे येऊ. केंब्रिजच्या यू. आर. एव्हान्स या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा प्रयोग आहे. स्वच्छ लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. आपल्याला वाटेल, जिथे हवा जास्त पोचते त्या कडेला लोखंड खाल्लं जाईल. होतं ते उलट. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन मुबलक असतो, तिथे तो इलेक्ट्रॉन घेतो. ते इलेक्ट्रॉन पुरवण्यासाठी थेंबाच्या मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी आहे, तिथलं लोखंड विरघळतं. या दोहोंच्या मध्ये गंजाचं कडं उमटतं. म्हणजे गंज ही एक चिमुकली बॅटरीच आहे. म्हणून गाडी बॉनेटच्या मधोमध सहसा सडत नाही. दाराच्या खालच्या दुमडीत, गाडीच्या तळाच्या पत्र्याच्या सांध्यात, जिथे ओल अडकते आणि हवा कमी, तिथे सडते. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, त्यामुळे तो सांधा आतून उकलतो. मुंबईत जुन्या इमारतींच्या स्लॅबमधल्या सळ्या फुगून सिमेंटचे पोपडे पडतात, त्यामागेही हेच कारण.

‘गंजाचा थरच पत्र्याला राखतो’ असं पुष्कळांना वाटतं. कॉर-टेन नावाचं, १९३३पासून बाजारात असलेलं पोलाद आणि दिल्लीचा लोहस्तंभ ही त्यांची उदाहरणं असतात. पण कॉर-टेनमध्ये तांबं आणि क्रोमियम मुद्दाम घातलेलं असतं, तर लोहस्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे तिथे घट्ट, चिकटून राहणारा थर तयार होतो. गाडीच्या साध्या पत्र्यावरचा गंज सच्छिद्र असतो आणि स्पंजासारखी ओल धरून ठेवतो.

मग अमेरिकेच्या वाळवंटात पन्नास-पन्नास वर्षं पडून राहिलेल्या गाड्या टिकल्या कशा? त्यांना हवेने वाचवलं. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली राहिली की स्वच्छ लोखंडावर पाण्याचा पुरेसा थर धरत नाही आणि ती बॅटरी चालत नाही. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात धातू किती झिजवते यावरून हवेचे वर्ग पाडले आहेत. सर्वांत सौम्य वर्गात साधं पोलाद पहिल्या वर्षात जास्तीत जास्त १.३ मायक्रोमीटर झिजतं, तर समुद्रकाठच्या खूप कडक वर्गात ८० ते २०० मायक्रोमीटर. गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रोमीटर जाड धरा. कोरड्या बंद शेडमध्ये तो हिशेबाने सातशेहून अधिक वर्षं पुरेल, खाऱ्या वाऱ्यावर मात्र पाच ते साडेबारा वर्षंच. हिशेब ढोबळ आहे, कारण पुढच्या वर्षांत झिजण्याचा वेग सहसा कमी होतो. पण गंज सगळीकडे सारखा खात नाही, तो खड्डे पाडतो, आणि सरासरी संपायच्या कितीतरी आधी पत्र्याला भोक पडतं.

तेव्हा आधी विचारायचं ते हे : गाडी यापुढे कुठे राहणार? कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटाच्या कोरड्या हवेत कमावलेली ती तांबूस छटा सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात नेली, तर ती तशीच राहणार नाही. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर खिडक्यांचे गज रंगवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्यातही मीठ सर्वांत वाईट. १९४९पासून हॉट रॉडवाले युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरी सपाटीवर ‘स्पीड वीक’साठी जमतात, आणि तिथे धावलेल्या गाडीच्या सांध्यांत मीठ घुसलेलं असतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर अवघ्या ३३ टक्के आर्द्रतेलाही हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. म्हणजे हवा आपल्याला कोरडी वाटते तेव्हाही सांध्यात ओल असते. म्हणूनच नव्या पत्र्यावर मिठाचं पाणी फवारून ‘जुनेपणा’ आणण्याची पद्धत मला फार खटकते : ती दिसण्यात खोटी आणि पत्र्याला घातक आहे.

गंजाची छटा आवडते म्हणून त्यावर थेट क्लिअर कोट, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, मारणं हा उपायही मोहात पाडणारा आहे. पण रंगाचा थर हवाबंद नसतो. पाणी आणि ऑक्सिजन त्यातून झिरपतात. रंग पत्रा वाचवतो तो मुख्यतः त्याला घट्ट चिकटून आणि आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, वाट अडवून. सुट्या गंजावर ही पकडच मिळत नाही. खाली क्षार राहिले असतील तर ते थरातून पाणी खेचतात, जसं मीठ लावल्यावर कैरीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि वर फोड येतात.

याहून बरी वाट आपल्या स्वयंपाकघरात ओळखीची आहे. सुटा गंज काढून, धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पुसट हात देतात. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन साखळ्या जोडतं आणि पातळ, कडक थर बनतो. लोखंडी तवा तेल लावून तापवला की त्यावर जो काळा थर बसतो, तो याचाच भाऊ. (ते तेल पुसलेलं फडकं गुंडाळून ठेवू नये, ते आपोआप तापून पेटतं. पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवावं.) दुसरा उपाय टॅनिनचा, म्हणजे वनस्पतींतल्या तुरट द्रव्याचा. विळीवर कच्चं केळं चिरलं की पातं काळं पडतं, लोखंडी कढईत आवळा काळा होतो, हिरडा आणि हिराकस यांची शाई काळी होते : तिन्ही ठिकाणी टॅनिन आणि लोह जोडले जातात. गंजाचं रूप बदलणाऱ्या ‘रस्ट कन्व्हर्टर’च्या बऱ्याच बाटल्यांत हेच टॅनिक आम्ल असतं. त्याने तांबूस छटा जाऊन निळसर काळी येते, म्हणून ते दिसणाऱ्या भागावर न लावता आतल्या बाजूला वापरावं. आणि तेलाचा हात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. रंग न दिलेली गाडी रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त चाकरी मागते.

रंगवणं म्हणजे इतिहास पुसणं, असंही मी म्हणणार नाही. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात हॉट रॉडना पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग मिळाला, तेव्हा पहिली आली ती डोन स्पेन्सर या हॉट रॉडवाल्याने घडवलेली १९३२ची काळी रोडस्टर, पूर्ण नव्याने सजवलेली. तिच्या बाबतीत तेच योग्य होतं. सांधे उकललेत, खालच्या पत्र्यात टाचणी आरपार जाते, अशी गाडी पॅटिनाच्या नावाखाली मरू देण्यात प्रेम नाही. मात्र तिला हात लावताना कोरडा पॉलिश पेपर मारू नये. जुन्या प्रायमरमध्ये आणि लांबीच्या जागी भरलेल्या कथिलाच्या डागांत शिसं असतं. ती धूळ फुप्फुसांत जाते.

माझ्यासमोर मोहावीतली, अर्धा रंग टिकलेली रोडस्टर आणली तर मी तिचं पोट आधी रंगवीन : चॅसिस, तळाच्या पत्र्याची खालची बाजू, दारांची आतली पोकळी, सगळे सांधे. ते आधी गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, जस्ताच्या प्रायमरवर. जस्त लोखंडाआधी स्वतः विरघळतं, म्हणून ओरखडा पडला तरी पत्रा काही काळ वाचतो. वरचा रंग तसाच ठेवीन, फक्त मेण. जिथे पत्रा उघडा आहे तिथे जवसाचं तेल. शेडमध्ये एक आर्द्रतामापक टांगीन, आणि त्याचा काटा महिनोन् महिने साठाच्या वर राहू लागला तर वरच्या रंगाचा डबाही आणीन.