रॉड तुटला म्हणजे माल बोगस?

नौपाड्यात कुणाच्या आजीच्या खुब्यातला रॉड तुटला की कट्ट्यावर निकाल तयार: "डॉक्टरने स्वस्तातला माल घातला." बहुतेक वेळा तसं नसतं. रॉड जन्मभर वजन पेलायला नसतोच. मोडलेलं हाड जुळेपर्यंतचा तो टेकू. हाड जुळलंच नाही, तर पावलागणिक धातू किंचित वाकतो आणि पुन्हापुन्हा वाकवलेल्या तारेसारखा काही महिन्यांनी तुटतो, बहुधा रॉडमधून खुब्याच्या गोळ्यात जाणाऱ्या जाड स्क्रूच्या भोकापाशी. महागडं टायटॅनियमही यातून सुटत नाही. कधी रॉड शाबूत असतो, पण ठिसूळ हाड फाडून तो स्क्रू गोळ्याबाहेर डोकावतो. तिथे स्क्रूची जागा महत्त्वाची: त्याच्या टोकापासून गोळ्याच्या शिखरापर्यंतचं अंतर, समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेतलं मिळून, २५ मिमीच्या आत हवं. (बिलावर हे दिसत नाही.) आणि हो, हाड जुळल्यावर रॉड काढावाच लागतो, हेही खरं नाही.